सॉफ्टवेअर अभियांत्रिकीतील प्रत्यक्ष पुराव्याचे संशोधन: अभ्यासक्रम रचायचा कसा?

प्रश्न असा आहे: विदर्भातील एका तालुक्याच्या गावी अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवणाऱ्या प्राध्यापिकेकडे अभ्यास मंडळाने 'एम्पिरिकल रिसर्च मेथड्स इन सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग' या चार श्रेयांकांच्या विषयाचा आराखडा मागितला आहे. एम.टेक.चे दुसरे सत्र आणि पीएच.डी.चे कोर्सवर्क अशा दोन्हींसाठी तो चालावा, अशी अपेक्षा आहे. वर्गात वीस-पंचवीस विद्यार्थी आहेत, जवळपास एकही सॉफ्टवेअर कंपनी नाही, इंटरनेट बेभरवशाचे आहे आणि संख्याशास्त्राचे नाव काढले की मुले धास्तावतात. अशा ठिकाणी सुरुवात कोठून करावी, काय ठेवावे आणि काय गाळावे, असे त्यांनी विचारले आहे.

मॅडम, हा विषय मी विदर्भातल्याच दोन ग्रामीण महाविद्यालयांत मिळून बारा वर्षे शिकवला आणि त्यातली पहिली तीन वर्षे चुकीच्या क्रमाने शिकवला, हे आधीच कबूल करतो. माझा तेव्हाचा क्रम कोणत्याही छापील अभ्यासक्रमात असतो तसाच होता: पहिल्या घटकात संशोधनाच्या व्याख्या आणि प्रकार, पुढच्या दोन घटकांत संख्याशास्त्र, चौथ्यात प्रयोग, सर्वेक्षण व केस स्टडी, आणि सत्र संपता संपता एक छोटा प्रकल्प. टी-टेस्टचे सूत्र तोंडपाठ असलेला विद्यार्थी मग प्रकल्पासाठी गूगल फॉर्म तयार करायचा, तो वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचा, आलेल्या उत्तरांचे रंगीत आलेख काढायचा आणि 'ॲजाइल पद्धत (सॉफ्टवेअर छोट्या टप्प्यांत घडवण्याची रीत) उपयुक्त आहे' असा निष्कर्ष लिहून मोकळा व्हायचा. त्यात खोटे काही नसायचे; पण उत्तर 'उपयुक्त नाही' असे आले असते तर ते कशावरून ओळखले असते, हे त्याला सांगता येत नसे.

म्हणून माझी मुख्य शिफारस एकच आहे आणि बाकीचे सारे तिच्यातून निघते. दोघा-दोघांच्या जोडीने सत्राच्या पहिल्या पंधरवड्यातच एक प्रश्न निवडावा, आकडे पाहण्यापूर्वी त्याचा लेखी आराखडा करावा, आणि अंतर्गत गुणांपैकी सर्वांत मोठा वाटा त्या आराखड्याला असावा. निष्कर्ष 'चांगला' आला की नाही, याला शून्य गुण असावेत. संख्याशास्त्र, नमुना निवड, मुलाखतीचे तंत्र हे सर्व त्या आराखड्यात जेथे अडेल तेथे शिकवावे.

हे मला कोणत्या पुस्तकाने नव्हे, तर एका जिनिंगच्या काट्याने शिकवले. माझ्या एका विद्यार्थ्याच्या गावाजवळ जिनिंग होते. कापसाच्या गाडीचे वजन काट्यावरून थेट बिलात नेणारे सॉफ्टवेअर तेथे वापरात होते, आणि काट्यावरचा मुनीम बिघाडांची नोंद शाळकरी दोनशेपानी वहीत ठेवायचा: तारीख, गाडीचा नंबर, आणि 'वजन दोनदा आले', 'बिल निघाले नाही' असा एका ओळीचा शेरा. मार्चअखेर पुरवठादाराने सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती बसवली. विद्यार्थ्याने वहीवरून महिन्यामहिन्याचे आकडे काढले, एप्रिलपासून तक्रारी जवळजवळ थांबल्याचे दाखवले आणि पी-व्हॅल्यूही (खरा फरक नसतानाही एवढा फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता) काढली; ती इतकी लहान होती की त्याने ती ठळक अक्षरांत छापली. आलेख घेऊन तो मोठ्या उत्साहाने काट्यावर गेला, तेव्हा मुनीम म्हणाला, "अरे बाबू, आता कापूसच येऊन नाही राहिला, त तक्रार कायची येईन?"

पुढे दर शंभर गाड्यांमागे किती तक्रारी, असे गणित पुन्हा मांडले, तेव्हा नव्या आवृत्तीचा म्हणून दाखवता येईल असा फरक उरला नाही. विद्यार्थ्याचे संख्याशास्त्र बिनचूक होते. चुकला होता तो भाजक. आराखड्याच्या टप्प्यावर 'तक्रारी कमी होण्याची दुसरी कोणती कारणे असू शकतात?' एवढा एक रकाना भरायला लावला असता, तर कापसाच्या पट्ट्यात वाढलेल्या या मुलाला हंगाम आठवला नसता असे मला वाटत नाही. तो रकाना मी ठेवलाच नव्हता.

अशा चुका फक्त आपल्याकडच्या विद्यार्थ्यांच्या होतात असे नाही, हे वर्गाला पहिल्याच आठवड्यात दाखवावे. त्यासाठी मी तीन उदाहरणे वापरतो. पहिले जानेवारी १९६८ चे. सॅकमन, एरिक्सन आणि ग्रँट यांनी संगणकासमोर बसून चुका शोधणे आणि प्रोग्राम बॅचने, म्हणजे गठ्ठ्याने, देऊन निकाल हाती आल्यावर चुका शोधणे यांची तुलना केली. त्या अभ्यासाचा मूळ हेतू लोकांच्या लक्षात राहिला नाही. लक्षात राहिला तो २८ हा आकडा, म्हणजे चांगला प्रोग्रामर वाइटापेक्षा अठ्ठावीस पट वेगवान असतो, हे वाक्य. प्रत्यक्षात ते गुणोत्तर वेगवेगळ्या परिस्थितीत काम केलेल्या माणसांना एकाच रांगेत उभे करून आले होते, आणि सहभागी माणसे होती अवघी बारा. तरीही पुढची अनेक वर्षे तो आकडा भाषणांतून फिरत राहिला.

दुसरे उदाहरण विद्यार्थ्यांना अधिक भावते, कारण त्यात गुन्हेगार एक फाइल आहे. २०१४ मध्ये गिटहब या कोड साठवण्याच्या संकेतस्थळावरील ७२९ प्रकल्प आणि १७ भाषा घेऊन भाषा आणि कोडची गुणवत्ता यांचा संबंध तपासणारा एक मोठा अभ्यास आला, आणि अमुक भाषेत दोष कमी, तमुक भाषेत जास्त, असे त्याचे हवाले सर्वत्र दिले जाऊ लागले. २०१९ मध्ये दुसऱ्या गटाने तेच आकडे पुन्हा तपासले, तेव्हा बरेचसे निष्कर्ष टिकले नाहीत. अनेक अडचणींपैकी एक अशी होती: टाइपस्क्रिप्टच्या फाइलचे शेपूट 'टीएस' असते, आणि भाषांतराच्या मजकुराच्या काही फाइलींचेही शेपूट तेच असते. टाइपस्क्रिप्ट ऑक्टोबर २०१२ मध्ये लोकांसमोर आली, आणि आकडेवारीत तिच्या नावावर त्याआधीच्याही नोंदी होत्या. जन्माआधीची हजेरी लागली होती म्हणा ना. येथे मी वर्गाला थांबवून विचारतो की ही गोष्ट कोणत्या चाचणीने पकडली असती? कोणत्याच नाही. पंधरा-वीस फाइली उघडून डोळ्यांनी पाहिल्या असत्या, तर पहिल्या तासात पकडली असती.

तिसरे उदाहरण ताजे आहे. २०२५ मध्ये मीटर (METR) नावाच्या संस्थेने १६ अनुभवी विकसकांची त्यांच्या ओळखीच्याच प्रकल्पांतील २४६ कामे घेतली, आणि कोणत्या कामात एआय साहाय्यक वापरायचा व कोणत्यात नाही हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवले. साहाय्यक वापरलेल्या कामांना सरासरी १९ टक्के जास्त वेळ लागला, आणि काम संपल्यावरही त्या विकसकांची समजूत होती की त्याने आपला वेग २० टक्के वाढला. यावरून एआय निरुपयोगी ठरत नाही. त्या माणसांवर, त्या प्रकल्पांवर आणि त्या काळातील साधनांवर मिळालेले ते उत्तर आहे. मात्र 'वापरणाऱ्यांना विचारले, ते म्हणाले वेग वाढला' हा पुरावा किती पोकळ असू शकतो, हे दाखवायला यापेक्षा नेमके उदाहरण मला सापडलेले नाही.

आता प्रयोगाकडे वळतो, कारण आपल्या भागाचा येथे मोठा फायदा आहे. प्रयोगाच्या रचनेचे शास्त्र संगणकाच्या प्रयोगशाळेत नव्हे, तर शेतात वाढले. रोनाल्ड फिशर १९१९ मध्ये इंग्लंडमधील रोथॅमस्टेड येथील शेती संशोधन केंद्रात रुजू झाले आणि खतांच्या व वाणांच्या चाचण्यांतूनच त्यांनी यादृच्छिक (चिठ्ठ्या टाकून केल्यासारखे) वाटप आणि खंड पाडण्याची, म्हणजे सारख्या जमिनीचे गट करण्याची, पद्धत घडवली. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात शिकलेल्या कोणालाही 'आरबीडी' (रँडमाइज्ड ब्लॉक डिझाइन) म्हणजे काय हे विचारा. तो प्लॉटचा नकाशाच काढून देईल. माझ्या वर्गात दरवर्षी निम्मी मुले शेतकऱ्यांची असतात. नाल्याकडची जमीन काळी भारी आणि वरच्या अंगाची बरड असेल, तर एक वाण सगळा खाली आणि दुसरा सगळा वर पेरून तुलना करायची नसते, हे त्यांना शिकवावे लागत नाही. शिकवावे लागते ते एवढेच की, वर्गातही काळी जमीन आणि बरड जमीन असते.

त्यासाठी तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात वर्गावरच एक प्रयोग करावा. मी दोनशे ओळींचा जावा कोड घेतो, त्यात बारा दोष पेरतो, आणि निम्म्या वर्गाला तपासणीची यादी देऊन तर निम्म्या वर्गाला काहीही न देता चाळीस मिनिटांत दोष शोधायला सांगतो. पहिल्या वर्षी मी सोयीसाठी वर्गाचे सरळ दोन भाग केले: पुढच्या बाकांवरच्यांना यादी, मागच्या बाकांवरच्यांना काही नाही. यादीवाला गट सहज जिंकला. निकाल फळ्यावर लिहीत असताना मागून एक मुलगी उठली आणि म्हणाली, "सर, मागं बसलेले सगळे साडेदहाच्या एसटीनं आलेले आहेत. आम्हाला तुमची सूचना अर्धीच ऐकू आली." तिचे म्हणणे खरे होते. वसतिगृहातली मुले वेळेवर येऊन पुढे बसली होती, आणि रोजचे अप-डाउन करणारी एसटीतून उतरून मागे बसली होती. माझी यादी उपयोगी होती की एसटी उशिरा आली होती, हे त्या आकड्यांवरून कोणालाही सांगता येणार नव्हते. दुसऱ्या वर्षीपासून वसतिगृहवाले आणि अप-डाउनवाले असे दोन खंड पाडून, प्रत्येक खंडात चिठ्ठ्या टाकून वाटप करू लागलो. मात्र त्याआधी पहिल्या वर्षीची चूक मी आजही एकदा मुद्दाम करतो आणि मागून कोणी उठते का याची वाट पाहतो. बहुतेक वर्षी उठते.

नमुन्याच्या आकाराचा प्रश्न याच वेळी निघतो आणि तो टाळू नये. दोन स्वतंत्र गटांत मध्यम आकाराचा फरक, म्हणजे अर्ध्या प्रमाण विचलनाएवढा, ८० टक्के खात्रीने आणि ५ टक्के पातळीवर पकडायचा असेल तर प्रत्येक गटात ६४ माणसे लागतात. फरक मोठा, म्हणजे ०.८ एवढा असेल तरी २६. आपल्या वर्गात सगळे मिळून चोवीस असतात. तेव्हा 'फरक आढळला नाही' याचा अर्थ 'फरक नाही' असा होत नाही, हे विद्यार्थ्याने आराखड्यातच लिहिले पाहिजे. यावर वाट म्हणून प्रत्येकाला दोन्ही पद्धती आळीपाळीने वापरायला लावता येतात; पण मग आधी यादी वापरलेला विद्यार्थी नंतर यादीशिवायही तिच्यातले मुद्दे आठवूनच वाचणार, हा अडसर उभा राहतो. क्रम उलटसुलट केल्याने तो पूर्ण जात नाही. दुसऱ्या फेरीला वेगळा कोड द्यावा आणि क्रमाचा परिणाम विश्लेषणात स्वतंत्रपणे पाहावा.

संख्याशास्त्र किती शिकवावे, याबद्दल सहकाऱ्यांशी माझा वाद असतो. माझ्या मते मध्यक, चतुर्थक, बॉक्स प्लॉट, परिणामाचा आकार (फरक किती मोठा आहे ते), विश्वासांतर (कॉन्फिडन्स इंटरव्हल), आणि एक-दोन चाचण्या एवढे एम.टेक.ला पुरते, पीएच.डी.वाल्यांनी समाश्रयण (रिग्रेशन) आणि बहुस्तरीय प्रारूपे वेगळी करावीत. परिणामाचा आकार आधी आणि पी-व्हॅल्यू नंतर, हा क्रम मात्र सोडू नये. अमेरिकन संख्याशास्त्र संघटनेने २०१६ मध्ये पी-व्हॅल्यूच्या गैरवापराविरुद्ध स्वतंत्र निवेदन काढले, ते वर्गात वाचून घ्यावे. परिणामाचा आकार संगणकाशिवाय समजावता येतो. एका गटाने शोधलेले दोष ५, ७, ८ आणि दुसऱ्याचे ३, ५, ६ असे धरा. प्रत्येकाची प्रत्येकाशी गाठ घातली तर नऊ कुस्त्या होतात. पहिल्या गटातला ५ एक कुस्ती जिंकतो, एक बरोबरीत सोडवतो आणि एक हरतो; ७ आणि ८ आपापल्या तिन्ही जिंकतात. बरोबरीचा अर्धा धरून साडेसात भागिले नऊ, म्हणजे ०.८३. वार्घा आणि डिलेनी यांचे ए हे माप ते हेच. ही कुस्ती फळ्यावर एकदा झाली की मुलांची धास्ती बरीच उतरते, आणि जेएएसपी किंवा आर हे संख्याशास्त्राचे सॉफ्टवेअर उघडल्यावर समोरचा आकडा कशाचा आहे हे त्यांना कळते. दोन्ही साधने फुकट आहेत आणि एकदा उतरवून घेतली की इंटरनेटशिवाय चालतात.

इंटरनेटची अडचण खरी आहे, पण कोडमधील प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या गिटच्या इतिहासावरच्या अभ्यासाला ती फार आड येत नाही. मी सत्राच्या आधी शहरात जाऊन आठ-दहा मध्यम आकाराची भांडारे (प्रकल्पांचे कोडसाठे) पूर्ण इतिहासासह उतरवतो आणि पेनड्राइव्हवरून लॅबमध्ये वाटतो. पुढचे काम गिट लॉगवर ऑफलाइन होते. गिटहबच्या एपीआयवर (प्रोग्रामने थेट माहिती मागवण्याच्या सोयीवर) वर्गाला थेट सोडू नका. ओळख न देता केलेल्या विनंत्यांना तासाला ६० ची मर्यादा आहे आणि ती आयपी पत्त्यानुसार मोजली जाते. आपली सगळी लॅब एकाच पत्त्यामागे असते, त्यामुळे पहिल्या दोन मुलांनीच तासाचा कोटा संपवलेला असतो आणि बाकीचे 'सर, नेट चालू नाही' म्हणत बसतात. प्रत्येकाने स्वतःचे टोकन काढले तर मर्यादा तासाला ५,००० होते.

या भांडारांवर पहिले काम मी हाताने करायला लावतो. शंभर कमिट (कोडमधील नोंदवलेले बदल) घ्यायचे, दोघांनी एकमेकांना न दाखवता प्रत्येकापुढे 'दोषदुरुस्ती' किंवा 'दोषदुरुस्ती नाही' असे लिहायचे, आणि मग ताडून पाहायचे. समजा, दोघांनीही सत्तर-सत्तर कमिटना दोषदुरुस्ती म्हटले आणि एकूण ऐंशी ठिकाणी त्यांचे जुळले. मुले ऐंशी टक्के पाहून खूश होतात. पण डोळे मिटून ठोकले असते तरी ०.७ गुणिले ०.७ अधिक ०.३ गुणिले ०.३, म्हणजे ५८ टक्के जुळलेच असते. योगायोगापलीकडे शक्य होते ४२, मिळाले २२. या दोहोंचे गुणोत्तर म्हणजे कोहेनचा कप्पा, ०.५२. मग न जुळलेल्या वीस कमिटवर भांडण लावायचे. 'टायपो दुरुस्त केला' ही दोषदुरुस्ती आहे का? चाचणीतली चूक सुधारली तर? व्याख्या कागदावर येते ती या भांडणातून, आणि 'फिक्स' हा शब्द शोधून दोष मोजणाऱ्या स्क्रिप्टवरचा आंधळा विश्वास त्याच दुपारी संपतो.

सर्वेक्षणाला मी कमी वेळ देतो, कारण मुले तसेही तिकडेच धावतात. एवढे मात्र सांगतो: पीक कापणी प्रयोगासाठी शेत मर्जीने निवडत नाहीत, यादृच्छिक आकड्यावरून सर्वे नंबर काढतात आणि त्यातला ठरावीक मापाचा तुकडा कापतात. व्हॉट्सॲप ग्रुपवर फॉर्म टाकणे म्हणजे रस्त्यालगतचे शेत पाहून गावाची पैसेवारी ठरवणे आहे. ज्या घरात पैसेवारी पन्नास पैशांच्या वर लागली की दुष्काळाची सवलत जाते, त्या घरातल्या मुलाला याहून जास्त सांगावे लागत नाही.

मुलाखत आणि निरीक्षण यांना मात्र पूर्ण जागा द्या. जवळपास सॉफ्टवेअर कंपनी नाही, असे आपण लिहिले आहे. पण सॉफ्टवेअर वापरणारी आणि सांभाळणारी माणसे तालुक्यात भरपूर आहेत: सेवा सहकारी सोसायटी, पतसंस्था, बाजार समिती, सेतू केंद्र, आणि बिलिंगची सॉफ्टवेअर लिहून देणारे एक-दोन स्थानिक तरुण. सॉफ्टवेअरची देखभाल, दुरुस्तीची मागणी, पुरवठादाराशी संवाद हे सारे तेथे डोळ्यांसमोर घडते. येथे जपायचे ते 'हो सर'पासून. एका पतसंस्थेत आमच्या जोडीने ऑपरेटर ताईंना प्रश्नावली दिली. प्रत्येक प्रश्नाला 'चांगलं आहे' असे उत्तर आले. दुसऱ्या दिवशी मी त्या जोडीला नुसते दोन तास ताईंच्या शेजारी बसायला पाठवले. मॉनिटरच्या कडेला सेलोटेपने चिकटवलेली चिठ्ठी मुलांना दिसली: 'एफ ८ दाबू नये. दाबल्यास संतोषला फोन.' त्या चिठ्ठीतून पुढचे सगळे प्रश्न निघाले. मुलाखती वऱ्हाडीत झाल्या तर वऱ्हाडीतच उतरवाव्यात आणि संकेतनही (उत्तरांना विषयांची लेबले लावणे) मूळ शब्दांवर करावे. आधी इंग्रजी भाषांतर करून मग विषय शोधले की 'वैताग आला' आणि 'जमत नाही' या दोन वेगळ्या गोष्टी एकाच इंग्रजी शब्दात विरघळतात. केस स्टडीच्या मांडणीसाठी रुनेसन आणि होस्ट यांची २००९ ची मार्गदर्शक तत्त्वे अजूनही पुरेशी आहेत.

आराखड्याचे स्वरूप मी दोन पानांपुरते ठेवतो. दावा काय, त्यातून नेमका प्रश्न कोणता, त्याच्या उत्तरासाठी काय मोजणार, हा व्हिक्टर बॅसिली यांचा ध्येय-प्रश्न-माप असा उतरता क्रम पहिल्या पानावर येतो. दुसऱ्या पानावर कोणाला घेणार, वाटप कसे, विश्लेषण कोणते, पर्यायी कारणे कोणती, आणि शेवटचा रकाना: 'कोणता निकाल आला तर आमचा दावा चुकला असे आम्ही मान्य करू?' हा रकाना रिकामा असेल तर आराखडा परत. ही पद्धत काही माझी टूम नाही. सॉफ्टवेअर भांडारांतून माहिती खणून काढण्यावरील (एमएसआर) परिषदेने २०२० पासून निकालाआधी आराखडाच तपासून स्वीकारण्याची सोय केली आहे. सहाव्या आठवड्यापर्यंत मंजुरी, मग दोन-तीन जणांवर चाचणी फेरी, आणि त्यानंतर सुधारित आराखडा, जुना न खोडता. चाचणी फेरीत काहीच बदलले नाही असे सांगणारी जोडी बहुधा ती न करताच आलेली असते.

वैधतेच्या धोक्यांविषयी, म्हणजे निष्कर्ष चुकवू शकणाऱ्या गोष्टींविषयी, एक तक्रार. रचनेची, अंतर्गत, बाह्य आणि निष्कर्षाची अशी चार प्रकारची वैधता मुले पाठ करतात आणि अहवालाच्या शेवटी 'नमुना लहान होता, त्यामुळे सामान्यीकरण करता येणार नाही' हे वाक्य वैधानिक इशाऱ्यासारखे चिकटवतात. मी प्रत्येक धोक्यापुढे एक वाक्य सक्तीचे केले आहे: या धोक्यामुळे निकाल कोणत्या बाजूला झुकला असेल? एसटीच्या प्रकरणात तो यादीच्या बाजूने झुकला होता. दिशा सांगता येत नसेल तर तो धोका समजलेला नाही.

वाचनासाठी ग्रंथालयाची अडचण येईल. शोधपत्रिका उपलब्ध करून देणारी केंद्राची 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना १ जानेवारी २०२५ पासून सुरू झाली असली, तरी पहिल्या टप्प्यात ती शासकीय संस्थांसाठी आहे. आपले महाविद्यालय विनाअनुदानित असेल तर तिची वाट पाहत बसू नका. एसीएम या संगणक क्षेत्रातील संघटनेने २००० पर्यंतचे आपले जुने साहित्य २०२२ मध्ये सर्वांना खुले केले, त्यामुळे वर सांगितलेला १९६८ चा मूळ लेख मुले स्वतः वाचू शकतात, आणि अलीकडचे बरेच लेख अर्काइव्ह (arXiv) या खुल्या संकेतस्थळावर मिळतात. दर आठवड्याला एकच लेख, पण पूर्ण. किचनहॅम यांच्या पद्धतीचा पद्धतशीर साहित्य आढावा पीएच.डी.वाल्यांना द्यावा; एम.टेक.च्या पंधरा आठवड्यांत तो बसत नाही आणि बसवला की नकलून येतो.

नीतिमत्तेचा तास अलीकडे मी एकाच प्रसंगावर घेतो. मिनेसोटा विद्यापीठातील संशोधकांनी लिनक्स कर्नलच्या देखभालकर्त्यांची परवानगी न घेता मुद्दाम सदोष पॅच पाठवले. एप्रिल २०२१ मध्ये त्या विद्यापीठाकडून येणारे योगदानच बंद करण्यात आले आणि लेख मागे घ्यावा लागला. माणसांवर प्रयोग केला की नाही, हा वाद वर्गात तासभर पुरतो. आपल्याकडे त्याहून जवळचा प्रश्न असा की, वर्गावरच्या प्रयोगात विद्यार्थी खरोखर नकार देऊ शकतो का? गुण देणारा मीच असतो. म्हणून संमतिपत्र मराठीत असावे, ते दुसऱ्या शिक्षकाने गोळा करावे, आणि कोणी आकडे वापरू दिले नाहीत हे गुण जाहीर होईपर्यंत मला कळू नये. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये आला आहे. पतसंस्थेच्या पडद्याचे फोटो काढून आणणाऱ्या मुलांना तो पहिल्या भेटीआधीच समजावून सांगा.

तासांचे गणित सोपे आहे: तीन श्रेयांकांचे ४५ तास वर्ग आणि एका श्रेयांकाचे ३० तास प्रात्यक्षिक. दुसरे सत्र उन्हाळ्यात संपते, तेव्हा प्रात्यक्षिके एप्रिलच्या दुपारी लावू नका. लाइन गेली की लॅबमध्ये बसवत नाही. जिनिंगचा अभ्यास निवडणाऱ्या जोडीने फेब्रुवारीतच आकडे गोळा केले पाहिजेत.

अंतर्गत पन्नास गुणांपैकी मी आराखड्याला वीस, चाचणी फेरी व कामाच्या रोजनिशीला दहा, अहवालाला पंधरा आणि दुसऱ्या जोडीच्या आराखड्याच्या समीक्षेला पाच गुण देतो. खरी अडचण बाह्य पन्नास गुणांची असते, कारण 'टिपा लिहा' छापाची प्रश्नपत्रिका एकदा निघाली की पुढच्या वर्षीपासून मुले टिपाच पाठ करतात. अभ्यास मंडळाकडून नमुना प्रश्नपत्रिका अभ्यासक्रमासोबतच मंजूर करून घ्या आणि तिच्यात निम्मे गुण न पाहिलेल्या अभ्यासाच्या परीक्षणाला ठेवा. उदाहरणार्थ: 'एका बाजार समितीने लिलावाचे नवे सॉफ्टवेअर ऑक्टोबरमध्ये सुरू केले. सप्टेंबरच्या तुलनेत नोव्हेंबरमध्ये चुकीच्या नोंदी तिप्पट झाल्या. सॉफ्टवेअर सदोष आहे, असा निष्कर्ष समितीने काढला. तपासा.' उत्तरसूचीत हे स्पष्ट छापून द्या की 'या आकड्यांवरून सांगता येत नाही. एकूण नोंदी किती झाल्या आणि नवे कर्मचारी केव्हा आले, ही माहिती लागेल' हे पूर्ण गुणांचे उत्तर आहे. पहिल्या वर्षी मी ते छापले नव्हते, आणि बाहेरच्या परीक्षकांनी नेमके तसे लिहिणाऱ्या तीन मुलांना शून्य दिले होते.